स्पिटफायरची बॉडी उतरवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला गंगापूर रोडवरच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये वडिलांच्या वेळची १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३ (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी), उभी आहे. दोन्ही बाजूंचे सिल (दरवाजाखालचे लांब पोकळ पत्रे) आणि फ्लोअर कुजलेत. बॉडी चेसीवरून (खालच्या सांगाड्यावरून) उतरवून काम करायचं ठरलंय आणि त्यासाठी बॉडी डॉली (उतरवलेली बॉडी धरून ठेवणारी चाकांवरची चौकट) घरीच बनवायची आहे. पाइप कोणता, चाकं कोणती, उंची किती? की सरळ रोटिसरीच, म्हणजे बॉडी गोल फिरवता येणारा स्टँड, करून घ्यावी?

पाइपाकडे येतो, पण त्याआधी क्रमाचं बोलू. सिल कुजलेत आणि बॉडी उतरवायची आहे, या दोन गोष्टी तुम्ही ज्या क्रमाने लिहिल्यात त्याच क्रमाने कामही करा. आधी सिल, मग उतरवणं. बहुतेक जण उलटं करतात. डॉली तयार झाली की हात शिवशिवतात, बॉडी वर चढते, आणि मग छान आरामात डॉलीवर सिल कापले जातात. मीही एकदा केलंय. ते पुढे सांगतो.

स्पिटफायरची चेसी ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीच्या चेसीवरून आली. हेराल्ड आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला स्टँडर्डच्या कारखान्यात बनत होती, त्यामुळे साठी ओलांडलेल्या एखाद्या मिस्त्रीला विचारलंत तर हेराल्डची चेसी त्याला तोंडपाठ असेल. पण त्याच्या भरवशावर राहू नका, कारण दोघींत एक मोठा फरक आहे. हेराल्डच्या चेसीला दोन्ही कडांना रेल आहेत. स्पिटफायरला त्या नाहीत. मधे नुसता कणा, आणि त्याला बाजूंना फुटलेले हात, म्हणजे आउटरिगर. कडेची सगळी ताकद बॉडीच्या सिलमध्ये आहे. इतकी की मागच्या चाकांना धरणारे रेडियस आर्मसुद्धा चेसीला नाही, सीटच्या मागे बॉडीलाच बोल्ट केलेले असतात. म्हणजे सिल कुजलेली आणि चेसीवरून सुटलेली स्पिटफायरची बॉडी म्हणजे लांब बाजू फाटलेला बुटांचा खोका. वर छप्पर नाही, दरवाजाच्या जागी मोठं भगदाड. उचलाल तशी ती वाकते.

माझी चूक अशी झाली. अंबडला भाड्याच्या शेडमध्ये होतो, खाली शहाबादी फरशी. एका गिऱ्हाइकाची स्पिटफायर डॉलीवर घेतली, ब्रेसिंग (बॉडी वाकू नये म्हणून आत लावलेले तात्पुरते पाइप) मारलं होतं, म्हणून निर्धास्त. डावा सिल कापला, नवा बसवला, पूर्ण वेल्ड केला. दरवाजा लावायला गेलो तर वरच्या बाजूला फट दोन सूत (एक सूत म्हणजे साधारण ३ मिमी), खाली अर्धा सूतही नाही. डॉलीचं एक चाक फरशीच्या सांध्यात उतरलं होतं. चारपैकी एक चाक खाली गेलं की चौकट पिळली जाते, आणि चौकटीला बॉडी बोल्ट केली असेल तर तीही पिळली जाते. मी तो पीळ तसाच्या तसा वेल्डमध्ये कायमचा बंद केला होता. नवा सिल पुन्हा कापला, पैसे अर्थातच खिशातले गेले.

तेव्हापासून सिल आणि फ्लोअरचं काम मी बॉडी चेसीवर असतानाच करतो. सगळे बोल्ट जागेवर, गाडी समपातळीत, आणि दर थोड्या वेळाने दरवाजा लावून बघायचा. एका वेळी एकच बाजू. अशा कामात चेसी हाच तुमचा जिग (काम मापात धरून ठेवणारा साचा), कारखान्याने दिलेला. बॉडी उतरवायची ती नंतर, खालच्या बाजूची साफसफाई, गंज, प्रायमर, रंग, आणि चेसीचं स्वतःचं काम यासाठी. चेसीचे आउटरिगरच कुजले असतील तर मात्र इलाज नाही. आधी बॉडी उतरवा, आउटरिगर दुरुस्त करा, बॉडी परत चेसीवर ठेवा, सिल करा आणि मग पुन्हा उतरवा. दुप्पट मेहनत आहे. मी दोनदा केली आहे, दोन्ही वेळा दरवाजे नीट लागले.

आता रोटिसरीचं. तुमच्या गाडीला नको. एमजीबी किंवा स्प्राइट-मिजेट यांसारखी दुसरी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी असती तर वेगळं उत्तर दिलं असतं. त्या गाड्यांना वेगळी चेसीच नाही. १९५८ च्या स्प्राइटपासूनच ते सगळं एकसंध पत्र्याचं बांधकाम, पुढे-मागे पकडून गोल फिरवता येतं. स्पिटफायरचं अख्खं बॉनेट पुढे उलटं उघडतं आणि ते चेसीला बिजागरलेलं असतं. ते काढलं की बॉडी बल्कहेडपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी, संपते. रोटिसरीचा पुढचा हात अडकवायला तिथे काही नाहीच. लोक बल्कहेडला जुगाड करून अडकवतात, ते बघून मला धडधडतं. रिकाम्या बॉडीची खालची बाजू हवी असेल तेव्हा चार माणसं बोलवा, जुने टायर अंथरा आणि बॉडी कुशीवर कलती करा.

आता डॉली. तिने फक्त वजन पेलायचं नाही. बॉडी चेसीवर ज्या आकारात बसली होती त्याच आकारात तिने ती धरून ठेवायची, वर्षभर, कदाचित दोन वर्षं. (सगळे म्हणतात सहा महिने. मी अजून सहा महिन्यांत झालेली गाडी पाहिलेली नाही.) म्हणून डॉलीचं माप गाडीकडूनच घ्यायचं, नेटवरच्या चित्रावरून नाही.

तुमच्या पोर्चमध्ये बहुधा पेव्हर ब्लॉक असतील. गंगापूर रोडला बंगला म्हटलं की पेव्हर ब्लॉक आलेच. त्यावर ना माप घेता येत, ना कॅस्टर (डॉलीची छोटी चाकं) धड चालत. गॅरेजमध्ये कोबा असेल तर गाडी तिथे न्या. नसेल तर ब्लॉकवर १८ मिमीच्या प्लायचे दोन तक्ते, किंवा मिळाल्या तर जाड लोखंडी प्लेटा टाका. मग गवंड्याची पाण्याची नळी घ्या. लेझर लेव्हल असली तरी माझा विश्वास नळीवर जास्त. गाडी चार घोड्यांवर (स्टँडवर) घेऊन डावी-उजवी समपातळी करा. दरवाजाच्या भगदाडाची मापं तीन उंचीवर घ्या, वर, मधे, खाली, दोन्ही बाजूंना. मापं बल्कहेडवरच मार्करने लिहून ठेवा. कागद हरवतो.

त्यानंतर ब्रेसिंग. २५ × २५ × २ मिमीचा स्क्वेअर पाइप, दरवाजाच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, आणि मग डाव्या दरवाजापासून उजव्या दरवाजापर्यंत आडवा. इथे एक गोष्ट जवळपास सगळे चुकतात. पाइप दरवाजाच्या तोंडावरच मारतात, मग दरवाजा लावून बघता येत नाही. खांबांच्या आतल्या अंगाला छोटे कान वेल्ड करा आणि पाइप केबिनच्या आत सरकवा, इतका की दरवाजा पूर्ण मिटेल. खांबाचा पत्रा पातळ असतो, त्यामुळे कानाखाली दोन इंचाची पट्टी देऊन मगच टॅक (वेल्डचा छोटा टिपका) मारा. हे सगळं बॉडी अजून चेसीवर असतानाच, सिलला हात लावण्याआधी.

आता माझी आवडती पद्धत. बॉडी चेसीला जिथे जिथे बोल्ट आहे, त्या प्रत्येक बोल्टाखाली ओळंबा सोडा आणि कोब्यावर खडूने फुली मारा. प्रत्येक फुलीपाशी बोल्टाच्या जागेची जमिनीपासूनची उंचीही लिहा, कारण त्या सगळ्या एका पातळीत नसतात. गाडी बाजूला केली की खाली तुमच्या बॉडीचा पूर्ण मापाचा नकाशा तयार. त्याच नकाशावर डॉली जुळवायची, चौकट फुल्यांवर ठेवून. सुरुवातीला मी वहीत आकृत्या काढायचो, त्यात एकदा डावं-उजवं उलटं झालं. जमिनीवर उलटं होत नाही.

बॉडी आणि चेसीच्या मधे पट्ट्या, शिम, सापडतील. कुठे एक, कुठे तीन. प्रत्येक जागेच्या वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून ठेवा. एकाच डब्यात टाकल्यात तर परत बसवताना आठवडा जाईल.

पाइप: ५० × ५० × ३ मिमी, एमएस स्क्वेअर. मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो, ६ मीटरच्या तीन लांब्या पुरतात, म्हणजे साधारण ७५ ते ८० किलो. रिकाम्या बॉडीसाठी हे जड वाटेल. ताकदीचा हिशोब केला तर २ मिमीही चालेल, पण ताकदीपेक्षा ताठपणा महत्त्वाचा, आणि घरच्या वेल्डिंग मशीनवर २ मिमीला भोकं पडतात. ३ मिमीला २.५ मिमीची वेल्डिंगची काडी निवांत चालते. चौकट साधारण ६ फूट लांब, साडेतीन फूट रुंद, मधे एक आडवा. नेमकी लांबी नकाशावरून निघेल, पण एक नियम पाळा: मागची चाकं शेवटच्या बोल्टाच्या खाली किंवा त्याच्याही मागे हवीत. डिकीत वाकून काम करताना माणूस मागच्या पत्र्यावर भार देतो, आणि चाकं पुढे असतील तर डॉली मागे कलते.

नाशिकमध्ये एक मोह नक्की होणार. कुणा नातेवाइकाच्या द्राक्षबागेतले जुने मांडवाचे अँगल फुकट मिळत असतील. ते नको. एक तर ते पिळलेले असतात, दुसरं म्हणजे गॅल्व्हनाइज्ड. त्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. सकाळी उतरतो, पण ती रात्र आठवणीत राहते. मी अनुभवलंय, बायकोने मलेरियाच्या गोळ्या शोधायला घेतल्या होत्या.

वेल्डिंगचा क्रम: आधी सगळीकडे फक्त टॅक. मग दोन्ही कर्ण मापा. फरक २ मिमीच्या आत आला पाहिजे. त्यानंतर पीळ बघायचा: चारही कोपऱ्यांवरून दोन सुतळ्या तिरक्या ताणा. मधे जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे त्या जेमतेम टेकल्या पाहिजेत. एक दुसरीला दाबत असेल किंवा मधे फट असेल तर चौकट पिळलेली आहे. हे बरोबर आल्यावरच पूर्ण वेल्ड, तेही समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून, मधे थंड होऊ देत. एका कोपऱ्यात बसून सगळे सांधे संपवलेत तर चौकट केळीच्या पानासारखी वर उचलेल.

आता चाकं. चार पायांचं टेबल डुगडुगतं, तिपाई कधी डुगडुगत नाही. माझी शहाबादी फरशीवरची चूक त्यातलीच. उपाय ट्रॅक्टरकडे बघून सुचला. ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल मधोमध एका पिनेवर झुलतो, म्हणून ढेकळांतही चारही चाकं जमिनीला लागतात आणि ट्रॅक्टर पिळत नाही. डॉलीच्या पुढच्या दोन कॅस्टरना तसाच एक वेगळा आडवा बीम द्या. चौकटीच्या पुढच्या आडव्याला मधोमध ८ मिमी पट्टीचे दोन कान, बीममध्ये बुश, आरपार एम-२० चा बोल्ट, डबल नट. बीमची टोकं आणि वरची चौकट यांच्यात फक्त दोन सूत फट ठेवा. त्याने बीम तेवढाच झुलेल आणि डॉली एका बाजूला कलंडणार नाही. बीममुळे पुढची बाजू जेवढी उंच होते तेवढंच पॅकिंग मागच्या कॅस्टरवर द्यायला विसरू नका.

कॅस्टर १५० मिमीचे. ७५ मिमीचे स्वस्त असतात आणि जमिनीवर पडलेल्या पहिल्याच कापलेल्या बोल्टाला अडतात. बॉडी, डॉली, आणि आत चढलेला एखादा माणूस धरून ४०० किलो समजा. त्याला चाराने नाही, तीनाने भागा, कारण खडबडीत जमिनीवर एक चाक नेहमी हलकं राहतं. म्हणजे दीडशे किलोवाले कॅस्टर पुरेत, दोनशेवाले मिळाले तर उत्तम. पीयूची (पॉलियुरेथेनची) चाकं आवाज करत नाहीत, पण वेल्डिंगची ठिणगी बसली की खळगा पडतो. कास्ट आयर्नला ठिणगीने काही होत नाही, पण रविवारी सकाळी डॉली हलवलीत तर शेजारी येतील. बंगल्यासाठी पीयू घ्या आणि वेल्डिंगच्या वेळी चाकांवर ओलं गोणपाट टाका. चारही स्विव्हल (सगळीकडे वळणारे), त्यातले दोन ब्रेकवाले. ब्रेक असा निवडा की चाक आणि स्विव्हल दोन्ही जाम होतील. नुसतं चाक जाम होणारा ब्रेक असेल तर डॉली जागच्या जागी गिरकी घेते. कॅस्टर बोल्टनेच लावा, वेल्ड नको. उष्णतेने आतलं ग्रीस जातं आणि पुढे बदलताही येत नाही.

उभी असताना डॉली चाकांवर ठेवायची नाहीच. चारही कोपऱ्यांना नट वेल्ड करून त्यात एम-२० चे लांब स्क्रू द्या, खाली चौकोनी प्लेट. काम सुरू करण्याआधी ते फिरवून चाकं जेमतेम उचलायची आणि पाण्याच्या नळीने पातळी बघायची. पाच मिनिटांचं काम आहे. सुरुवातीला रोज होतं, मग महिन्याने कंटाळा येतो, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी महत्त्वाचा सांधा वेल्ड करतो.

उंची: बॉडीचा फ्लोअर जमिनीपासून २ फुटांवर. खालून पाटावर बसून काम करता येतं आणि वरून कंबर मोडत नाही. कॅस्टर, बीम (मागे तेवढंच पॅकिंग) आणि चौकट मिळून साधारण ३०० मिमी खातात, म्हणून चौकटीवरचे, बॉडी पेलणारे खांब २४० चे ठेवा आणि वर ६० मिमी स्क्रूची सोय. खांबाच्या डोक्यावर ७५ × ७५ × ५ ची प्लेट, त्यात गोल भोक नाही, लांबट खाच. नकाशात दोन-तीन मिमी चूक असतेच, ती खाचेत जिरते. खांबांना तिरपे टेकू दोन्ही दिशांनी द्या. प्लेट आणि बॉडीच्या मधे टायरचा रबर टाकू नका, तो प्रत्येक ठिकाणी वेगवेगळा दबतो. जुन्या कन्व्हेअर बेल्टचा कॅनव्हासवाला तुकडा चालतो. आणि बॉडी नुसती ठेवायची नाही, प्रत्येक जागी बोल्ट करायची, हलक्या हाताने.

डॉलीला रंग भडक पिवळा द्या. नडगीवर आपटल्यावर पटेल. पाइपांची तोंडं बंद करा, नाहीतर त्यात उंदीर राहतात.

वेल्डिंगची अर्थ बॉडीवरच, वेल्डच्या जवळ, पत्रा घासून लावा. डॉलीला अर्थ लावलीत तर करंट खांबांच्या बोल्टांतून वाट काढतो आणि तिथे पत्रा जळतो.

पावसाळा आला की घाई करा, किंवा थांबा. अधलंमधलं नको. जुलैत संध्याकाळी घासून चकचकीत केलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला असतो. जेवढं घासाल तेवढ्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. रेड ऑक्साइडवर विसंबू नका, तो पाणी अडवत नाही. आणि ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळू नका. खालची ओल आत कोंडते आणि बॉडी आतून घामाने निथळते. वरून झाका, खालून हवा राहू द्या.

एक कागदोपत्री गोष्ट, मधेच आठवली. बल्कहेडच्या भागात कमिशन प्लेट (गाडीचा कारखान्याचा नंबर असलेली पट्टी) रिव्हेट केलेली असेल. घासायला सुरुवात करण्याआधी तिचे फोटो काढा आणि पत्रा कापताना ती जपा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या आणि चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल न केलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. तुमची गाडी वयात बसते. प्लेट हरवलीत तर मूळपण सिद्ध करताना नाकी नऊ येतील.

उतरवण्याच्या दिवशी: बॉनेट, दरवाजे, सीट आधी बाहेर. स्टीअरिंगचा जोड, गिअरबॉक्सचं कव्हर, हँडब्रेकची केबल, स्पीडोची केबल, ब्रेक-क्लचचे पाइप, पेट्रोलची लाइन, हीटरचे होज, वायरिंग. आणि रेडियस आर्म. नेमके तेच विसरले जातात, कारण डोक्यात असतं की सस्पेन्शन चेसीला असतं. बॉडी अडली की जोर लावू नका, टॉर्च घ्या. काहीतरी राहिलेलं असतं. उचलायला चार धट्टीकट्टी माणसं पुरतात, सहा असतील तर चेसी सरकवायला दोन मोकळी राहतात. चेनकुप्पी लावायची असेल तर भाड्याची घोडी (ती टांगायची लोखंडी चौकट) आणा. पोर्चच्या स्लॅबच्या हुकाला किंवा पत्र्याच्या शेडच्या कैचीला टांगू नका. पट्टा सिलखालून घेतलात तर नवा सिल चेपेल. पट्टे ब्रेसिंगला किंवा खाली लाकडी तुळई देऊन तिला.

चेसी बाहेर, डॉली आत, सगळे बोल्ट हातानेच लावा. त्या संध्याकाळी आणखी काही करू नका, रात्रभर बॉडीला बसू द्या. सकाळी ऊन तापायच्या आत पाण्याची नळी लावून डॉली समपातळी करा आणि बल्कहेडवर मार्करने लिहिलेली ती दरवाजाची मापं पुन्हा घ्या, दोन्ही बाजूंची, तीनही उंचींवर. अर्ध्या सुतापर्यंत फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर दरवाजाच्या ज्या खांबाकडे फट उघडली आहे तिथल्या डॉलीच्या खांबाचा स्क्रू पाव फेरा फिरवा, परत मापा, आणि जुळेपर्यंत हेच करत राहा.